वृद्धाश्रमात राहायला येताना: नव्या रहिवाशांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

ज्यांनी वृद्धाश्रमात राहायला जाण्याचे ठरवले आहे, किंवा ज्यांचे सामान नुकतेच खोलीत येऊन पडले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीच्या काळात आजारी आणि वृद्ध माणसांची शुश्रूषा केली आणि गेली काही वर्षे स्वतः अशा एका संस्थेत राहते, त्यामुळे पलंगाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. खाली लिहिलेले बरेचसे माझ्या आणि माझ्या शेजाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातून आले आहे. जिथे शास्त्राचा आधार आहे, तिथे तो दिला आहे.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी माझे एकच म्हणणे आहे. येथे तुमची किती कामे दुसरे लोक करतात यापेक्षा तुमच्या दिवसातले किती निर्णय तुमचे स्वतःचे राहतात, यावर तुमचे येथील आयुष्य कसे जाईल हे बरेचसे ठरते. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. अमेरिकेतील एका वृद्धनिवासात त्यांनी एका मजल्यावरील रहिवाशांना सांगितले की खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुमचे तुम्ही ठरवा, आणि त्यांना हवे ते रोप निवडून त्याची निगा राखायला दिले. दुसऱ्या मजल्यावर रोप दिले गेले, पण त्याला पाणी परिचारिका घालणार होत्या, आणि तुमची काळजी घेण्याची जबाबदारी आमची, असे तेथील रहिवाशांना सांगण्यात आले. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक तरतरीत आणि अधिक हालचाल करणारी दिसू लागली. दीड वर्षानंतरच्या मृत्यूंविषयी याच संशोधकांनी जो निष्कर्ष मांडला, त्यातील आकडेमोड पुढे दुरुस्त करावी लागली आणि तो भाग कमकुवत ठरला, म्हणून त्यावर मी भर देत नाही. मूळ निरीक्षण मात्र मला माझ्या आजूबाजूला रोज दिसते.

पहिली पायरी: संस्था स्वतः पाहा आणि अवघड प्रश्न विचारा

शक्य असेल तर संस्था पाहायला मुलांना एकटे पाठवू नका. स्वतः जा, आणि एकदा नव्हे तर दोनदा जा. एक भेट जेवणाच्या वेळी असावी, कारण जेवणाच्या खोलीत माणसे एकमेकांशी बोलतात की मान खाली घालून उठून जातात, हे तिथे लगेच कळते. दुसरी भेट संध्याकाळी, दिवसपाळीचे कर्मचारी घरी गेल्यावर असावी, कारण संस्थेची खरी परीक्षा रात्री होते. रात्री किती रहिवाशांमागे किती मदतनीस असतात, घंटा वाजवल्यावर कोण येते, रुग्णालयात न्यावे लागले तर सोबत कोण जाते आणि त्याचा खर्च कोणाकडे, हे प्रश्न स्पष्ट विचारावेत.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुतेक जण विचारायचे टाळतात, तो असा: उद्या मला चालता येईनासे झाले, मी अंथरुणाला खिळले किंवा मला स्मृतिभ्रंश झाला, तर मला येथेच राहता येईल का? अनेक संस्था फक्त स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच ठेवून घेतात, आणि ते त्यांनी आधी सांगितलेले असेल तर त्यात गैर काही नाही. पण हे उत्तर तोंडी नको, लेखी घ्यावे. अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटी, दरवाढ कधी आणि कशी होते, जागा सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यावी लागते, स्वतःच्या डॉक्टरांकडे जाता येते का, खोलीला आतून कडी लावता येते का, एकट्याने बाहेर पडता येते का आणि तक्रार करायची झाल्यास कोणाकडे, हेही करारात शोधावे. जिथे पंधरा दिवस किंवा महिनाभर राहून पाहण्याची सोय असते, तिथे ती अवश्य घ्यावी.

हे प्रश्न विचारणे म्हणजे आगाऊपणा आहे असे वाटून आपल्या पिढीतील पुष्कळ माणसे गप्प बसतात, म्हणून एक गोष्ट सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1991 मध्ये ज्येष्ठ व्यक्तींसाठी अठरा तत्त्वे स्वीकारली. कोणत्याही निवासात, शुश्रूषागृहात किंवा उपचारकेंद्रात राहत असताना ज्येष्ठ व्यक्तीची प्रतिष्ठा, श्रद्धा, गरजा आणि खासगीपण यांचा मान राखला जावा, आणि स्वतःच्या देखभालीविषयी व जीवनाच्या दर्जाविषयी निर्णय घेण्याचा तिचा हक्क अबाधित राहावा, असे त्यांत स्पष्ट नमूद आहे. प्रश्न विचारणे हा त्या हक्काचाच भाग आहे.

दुसरी पायरी: सामान कमी आणा, पण विचार करून आणा

खोली लहान असते आणि वाटेत पडलेली प्रत्येक वस्तू पायात येते. तरीही संस्थेच्या पलंग-कपाटावरच भागवू नका; स्वतःच्या सवयीची एक खुर्ची आणावी. तिला हात असावेत आणि तिची बैठक इतकी उंच असावी की दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकतील, म्हणजे उठताना कोणाला हाक मारावी लागणार नाही. वाचण्यासाठी चांगला टेबललॅम्प आणावा. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर व जाड होते आणि बाहुली लहान राहते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे मानले जाते. वाचन सुटले म्हणून हळहळणाऱ्या कित्येकांना खरी अडचण दिव्याची असते. मोठ्या आकड्यांचे घड्याळ, तारीख-वार दाखवणारे कॅलेंडर, मागून बंद असलेल्या आणि न घसरणाऱ्या तळव्याच्या चपला किंवा बूट, आणि रात्री स्नानगृहापर्यंतची वाट दाखवणारा मंद दिवा, एवढे असले की बाकीचे सावकाश आणता येते.

कपड्यांवर नाव घालण्याचे काम येण्यापूर्वीच उरकावे. सर्वांचे कपडे एकत्र धुतले जातात आणि शाईने लिहिलेले नाव काही धुण्यांत पुसट होते. कॉलरच्या किंवा नाडीच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याने शिवलेले नाव टिकते. कवळी असेल तर झाकणाच्या डबीवर ठळक अक्षरांत नाव लिहून ती डबी जेवायला जातानाही बरोबर न्यावी. जेवताना कवळी टोचू लागली की माणूस ती काढून कागदी रुमालात गुंडाळतो आणि ताटाशेजारी ठेवतो. ताटे उचलणारी मुलगी खरकट्याबरोबर तो रुमालही कचऱ्यात टाकते. श्रवणयंत्रेही अशीच हरवतात. नवी कवळी बसवून घ्यायला अनेक आठवडे जातात आणि तेवढ्या काळात खाणे कमी होऊन वजन उतरते, त्यामुळे ही बाब क्षुल्लक समजू नये.

दागिने आणि मूळ कागदपत्रे खोलीत ठेवू नयेत.

तिसरी पायरी: पहिले काही आठवडे कठीण जातात, हे गृहीत धरा

घर सोडल्यावर झोप उडते, भूक मंदावते, कारण नसताना रडू येते, रात्री जाग आल्यावर आपण कुठे आहोत हे क्षणभर कळत नाही. मी येथे स्वेच्छेने आले होते, तरी मलाही हे चुकले नाही. शुश्रूषाशास्त्रात या अवस्थेला स्थलांतराचा ताण म्हणतात आणि 1992 पासून परिचारिकांच्या निदानांच्या अधिकृत यादीत तिची नोंद आहे; म्हणजे हा तुमच्या मनाचा दुबळेपणा नसून सर्वत्र आढळणारी, ओळखीची अवस्था आहे. ज्या घरात कित्येक वर्षे अंधारातही दिव्याचे बटण सापडत होते, ते घर सुटले आहे. त्याचे दुःख होणारच आणि ते करायला स्वतःला मुभा द्यावी.

या काळात घर विकणे, सगळे पैसे कोणाच्या तरी नावावर करणे, किंवा येथून ताबडतोब निघून जाणे, असे न पलटवता येणारे निर्णय घेऊ नयेत. रोज एकच नवीन गोष्ट करावी: एक दिवस बागेची वाट पाहून यावी, एक दिवस कार्यालयातील माणसांची नावे विचारावीत, एक दिवस वाचनालयाच्या वेळा माहीत करून घ्याव्यात. खोलीत बसून जेवण मागवण्याचा मोह होतो. पण पहिल्या आठवड्यातच जेवणाच्या खोलीत जाऊन बसणे सोपे असते, नंतर ते जास्त अवघड होत जाते, कारण तोपर्यंत माणसांनी तुम्हाला एकटे राहणारी व्यक्ती म्हणून ओळखायला सुरुवात केलेली असते.

कोणत्या गोष्टी नेहमीच्या समजायच्या नाहीत हेही माहीत असावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. नैराश्य हा वार्धक्याचा अपरिहार्य भाग नाही आणि त्यावर उपचार होतात. एखाद्या शेजाऱ्याला काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक भ्रम होऊ लागला, तो असंबद्ध बोलू लागला किंवा सारखा गुंगीत दिसला, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, नवे औषध, अशी कारणे त्यामागे असतात आणि त्याच दिवशी तपासणी व्हावी लागते.

चौथी पायरी: स्वतःचे काम स्वतःकडे ठेवा

या पायरीवर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. वृद्धाश्रमात माणसाचे हात रिकामे होतात ते बहुधा निष्काळजीपणामुळे नव्हे, प्रेमळ घाईमुळे. सकाळची वेळ डोळ्यांसमोर आणा. तुम्ही पलंगाच्या कडेला बसून गुंड्या लावत आहात. बोटांचे सांधे सकाळी आखडलेले असतात, वरची गुंडी काजात जाता जाता निसटते, पुन्हा चिमटीत धरावी लागते, पुन्हा काज चाचपावे लागते. सेविकेला अजून चार खोल्या उरकायच्या आहेत. ती हसून पुढे होते आणि पाचही गुंड्या झटकन लावून देते. तुम्हाला बरे वाटते, तिचा वेळ वाचतो आणि दुसऱ्या दिवशी ती तुमचे हात गुंडीपर्यंत पोहोचण्याची वाटच पाहत नाही. काही महिन्यांनी खरोखरच तुम्हाला गुंड्या लावता येत नाहीत, कारण ती बोटे त्या कामाला लागलेलीच नसतात. केस विंचरणे, चालत जाणे, स्वतःच्या हाताने जेवणे, याच क्रमाने एकेक काम हातून जाते.

यावर उपाय भांडणाचा नाही, आधी बोलून ठेवण्याचा आहे. मला गुंड्यांना वेळ लागतो, तेव्हा माझ्याकडे सर्वांत शेवटी या, असे शांतपणे सांगितले की बहुतेक सेविका आनंदाने तसे करतात. मी एक कागद करून कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. डाव्या बाजूला मी स्वतः काय करते ते, उजव्या बाजूला मला कशात मदत लागते ते, आणि खाली मदत कुठे थांबवायची ते लिहिले आहे: अंघोळीला आत नेऊन बसवा, पाठ चोळून द्या, बाकीचे मी करते, तुम्ही दाराबाहेर थांबा. पाळी बदलली, नवीन मुलगी आली, तरी तिला सगळे पुन्हा सांगावे लागत नाही. तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, तेही त्याच कागदावर सर्वांत वर लिहावे. सगळ्यांना सरसकट आजी-आजोबा म्हणण्यात माया असते, पण ज्यांना आयुष्यभर बाई, सर, ताई किंवा नावाने हाक मारली गेली, त्यांना आपले ते नाव येथेही हवे असू शकते.

वय झाल्यावर गेलेली ताकद परत येत नाही, हा समज मनातून काढून टाकावा. डॉक्टर मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्धनिवासात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त स्त्री-पुरुषांकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले गेले. ज्या नऊ जणांनी ते पूर्ण केले, त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. तो व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होता, हे विसरू नये. तुम्ही डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्यापासून सुरुवात करू शकता. सुरुवातीला हाताचा आधार घेतला तरी चालेल.

पाचवी पायरी: पडणे, पाणी, औषधे आणि कान

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये पडणे हे जगात दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे आणि पडून मरण पावणाऱ्यांमध्ये साठीच्या पुढची माणसे सर्वाधिक असतात. आपल्यापैकी बरेच जण पलंग आणि स्नानगृह यांच्यामधल्या चार पावलांत पडतात, त्यातही रात्री. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरणे हे वृद्धांमध्ये पुष्कळदा आढळते; डोळ्यांपुढे अंधारी येते ती त्यामुळे. म्हणून उठण्याची रीत पक्की करावी. आधी कुशीवर वळावे, कोपराने आणि तळहाताने शरीर उचलून बसावे, दोन्ही पावले जमिनीला टेकवून घोटे वर-खाली हलवावेत, दोनेक मिनिटे तसेच बसावे, मग आधार धरून उभे राहावे आणि पाय टाकण्याआधी थोडे स्थिर व्हावे. लघवीची घाई असते तेव्हा हे करणे जड जाते, आणि नेमके तेव्हाच ते करायचे असते. रात्री मदत लागत असेल तर घंटा वाजवायला संकोच करू नये. एका मदतनिसाची झोपमोड ही मोडलेल्या खुब्यापेक्षा फार लहान गोष्ट आहे.

रात्री उठावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच कमी पिणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. वयानुसार तहानेची जाणीव मुळातच मंद होते, त्यात हे व्रत धरले की बद्धकोष्ठ, मूत्रसंसर्ग, चक्कर आणि भ्रम मागोमाग येतात. दिवसाचे पाणी संध्याकाळपर्यंत संपवावे आणि रात्री घोटभरच घ्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेली असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढेच प्यावे.

औषधांची यादी स्वतःजवळ असावी: नाव, मात्रा, कशासाठी, कधीपासून, कोणी लिहून दिले. संस्थेकडे ती असली तरी तुमच्या पाकिटातही असावी. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांसमोर ती ठेवून यातले आता कोणते लागत नाही, असे विचारावे. अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बीअर्स यांनी 1991 मध्ये वृद्धनिवासातील रुग्णांसाठीच एक सूची केली होती, ज्यात म्हातारपणी शक्यतो टाळावीत अशी औषधे नोंदवली आहेत. ती वेळोवेळी सुधारली जाते आणि झोपेच्या अनेक गोळ्या, तसेच सर्दी-खाजेची गुंगी आणणारी काही जुनी औषधे तिच्यात आहेत. मात्र चालू गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

कानांबद्दल एवढेच सांगते की वार्धक्यात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे स, श, फ, थ यांसारखे वर्ण निसटतात आणि ऐकू तर येते पण कळत नाही, अशी स्थिती होते. ओरडून बोलल्याने ती सुधारत नाही. समोरच्याला तोंडाकडे पाहून, सावकाश बोलायला सांगावे, आणि श्रवणयंत्र घेतले तर त्याची सवय व्हायला काही आठवडे द्यावेत. पहिल्याच दिवशी भांड्यांचा आवाज सहन झाला नाही म्हणून ते खणात टाकून देणारे पुढे माणसांतूनच दूर होतात.

सहावी पायरी: माणसे

सेविका आणि मदतनीस हे तुमच्या रोजच्या आयुष्यातील सर्वांत जवळचे लोक होतील. हे काम पाठीला आणि मनाला थकवणारे असते, पगार बहुधा कमी असतो, आणि आभार क्वचित मिळतात. त्यांच्या नावाने त्यांना हाक मारावी, त्यांच्या मुलांची चौकशी करावी, आणि तक्रार असेल तर आधी त्यांच्याशी, मग व्यवस्थापकांशी बोलावे. कोणी अपमान करत असेल, पैसे मागत असेल किंवा जोराने ओढत असेल, तर मात्र गप्प राहू नये. तारीख आणि वेळ लिहून ठेवून व्यवस्थापकांना आणि घरच्यांना दोघांनाही सांगावे.

शेजाऱ्यांपैकी सगळ्यांशी मैत्री व्हावी अशी अपेक्षा धरू नये. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी दाखवले आहे की वय वाढते तशी माणसे आपला गोतावळा स्वतःहून लहान करतात आणि मनाला जवळची वाटणारी नातीच राखतात. दोन माणसे पुरतात: एक जिच्याशी बोलता येते, आणि एक जिच्याजवळ न बोलता बसता येते. खोलीत जोडीदार असेल तर दिवा किती वाजता बंद करायचा, खिडकी कधी उघडायची, दूरचित्रवाणीचा आवाज किती ठेवायचा आणि पाहुणे आल्यावर दुसऱ्याने काय करायचे, या चार गोष्टी पहिल्याच आठवड्यात ठरवाव्यात. स्मृतिभ्रंश झालेला शेजारी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारील, तेव्हा आत्ताच सांगितले ना, असे म्हणू नये. त्याच्या दृष्टीने तो पहिल्यांदाच विचारत असतो.

सातवी पायरी: घरच्यांशी संबंध

मुलांच्या मनात अपराधीपणा असतो आणि आपल्या मनात रुसवा असतो. दोन्ही न बोलता राहिले की भेटी आखडत जातात. भेटीचा आणि फोनचा दिवस ठरवून घ्यावा, म्हणजे त्यांना टाळावे लागत नाही आणि आपल्याला वाट पाहावी लागत नाही. भेटीत तुमच्याकडेही सांगण्यासारखे काही असावे, कारण फक्त दुखणी ऐकायला कोणी मोकळ्या मनाने येत नाही. घरातील वाईट बातम्या आपल्यापासून लपवू नयेत, हे त्यांना स्पष्ट सांगावे. नातेवाइकाचा मृत्यू, नातवाचे आजारपण, धंद्यातली अडचण, हे सगळे लपवले जाते ते आपल्याला जपण्यासाठी. पण त्यामुळे आपण घरातले माणूस न राहता घरच्यांचे पाहुणे होतो. पैशांचे व्यवहार दुसऱ्यावर सोपवावे लागले, तरी हिशेब दर महिन्याला पाहावा.

आठवी पायरी: दिवसाला काम द्या, आठवणींना वेळ द्या

बिल थॉमस या तरुण डॉक्टरांनी 1991 मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील चेस मेमोरियल या वृद्धनिवासात पक्षी, कुत्री, मांजरे आणि शेकडो रोपे आणली. वृद्धनिवासातील माणसांना एकटेपणा, असहायता आणि कंटाळा ही तीन दुखणी खातात, असे त्यांचे निदान होते. तुमच्या संस्थेत प्राणी असतील वा नसतील, पण यांतून घेण्यासारखा धडा असा की माणसाला सेवा घेण्याइतकीच दुसऱ्याची काळजी घेण्याचीही गरज असते. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणे, पुस्तकांची नोंद ठेवणे, डोळे गेलेल्या शेजाऱ्याची पत्रे लिहून देणे, कुंड्यांना पाणी घालणे, असे एखादे काम मागून घ्यावे, आणि ते तुम्ही नसलात तर अडेल असे असावे.

उरलेल्या वेळात आठवणी येतात, आणि त्या नव्या रहिवाशांना घाबरवतात. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी 1963 मध्ये मांडले की वृद्धांचे मागे वळून पाहणे हे बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण नसून आयुष्याचा हिशेब मांडण्याची नैसर्गिक प्रक्रिया आहे. तोवर अनेक डॉक्टर वृद्धांना भूतकाळात रमू देऊ नका, असे सांगत. माझा अनुभव बटलर यांच्या बाजूचा आहे. मागे पाहताना मला मिळवलेली पदे आणि मोठे समारंभ फार कमी आठवतात. आठवते ती कोणाबरोबर तरी केलेली कामे, रात्रपाळी संपल्यावर सहकारी मैत्रिणीबरोबर जिन्यात बसून मारलेल्या गप्पा, आणि अशा काही माणसांचे चेहरे, ज्यांना मी फक्त काही दिवस ओळखत होते. ज्या निर्णयांसाठी झोप उडाली होती, त्यांतील बहुतेक कोणत्याही बाजूने लागले असते तरी आयुष्य साधारण असेच गेले असते, असे आता वाटते. आणि जे संबंध वेळ नाही म्हणून तुटले, ते तुटायला नको होते असे वाटते.

म्हणून या पायरीवर दोन कामे करावीत. पहिले, आठवणी लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, त्याही सुसंगत आत्मचरित्राच्या हव्यासाने नव्हे तर सुट्या तुकड्यांत: आजीचे हात, पहिली नोकरी, एखादा प्रवास. दुसरे, एखाद्या माणसाशी बोलायचे राहून गेले असेल तर पत्र लिहावे किंवा फोन करावा. उत्तर आले नाही तरी चालते. फार जुन्या, फार खोल जखमा वर येऊन झोप लागेनाशी झाली, तर मात्र एकट्याने उकरत बसू नये, समुपदेशकाशी बोलावे.

नववी पायरी: मृत्यूविषयी बोला आणि कागद करून ठेवा

येथे राहताना शेजारी जातात. काही संस्था ही बातमी दबक्या आवाजात हाताळतात, खोली रात्रीतून रिकामी होते आणि सकाळी कोणी काही बोलत नाही. मला हे योग्य वाटत नाही. गेलेल्या माणसाचे नाव जेवणाच्या खोलीत घेतले जावे, त्याच्याविषयी दोन शब्द कोणीतरी बोलावेत, असा आग्रह आम्ही येथे धरला आणि तो मान्य झाला. तुम्हीही धरू शकता. ज्यांना दुःख दाखवायला जागा मिळते, ते पुढच्या शेजाऱ्याशी मैत्री करायला घाबरत नाहीत.

स्वतःच्या शेवटाविषयीही डोके शांत असताना ठरवावे. गंभीर आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, व्हेंटिलेटर आणि नळीने अन्न देण्याबाबत काय इच्छा आहे, रुग्णालयात न्यावे की शक्यतो येथेच ठेवावे, आणि मला बोलता येत नसेल तेव्हा माझ्या वतीने कोणी बोलावे, हे लिहावे. अशा इच्छापत्राचे कायदेशीर स्वरूप प्रत्येक देशात वेगळे असल्याने वकिलाचा सल्ला घ्यावा. उपशामक उपचार, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणारे उपचार, हे उपचार सोडून देणेच आहे, असा गैरसमज फार पसरला आहे. सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू केले, तेव्हापासून वेदनेकडे केवळ शरीराचे दुखणे म्हणून न पाहता मन, नाती आणि श्रद्धा यांच्यासकट पाहण्याची पद्धत रूढ झाली. दुखणे आटोक्यात ठेवणे हे त्यातील सर्वांत मोठे काम असते. शेवटच्या दिवसांतच नव्हे, आजार बळावू लागला की तेव्हाच या उपचारांची चौकशी करता येते.

या कागदाची एक प्रत कार्यालयात, एक डॉक्टरांकडे, एक ज्या व्यक्तीला बोलण्याचा अधिकार दिला तिच्याकडे आणि एक स्वतःच्या खणात असावी. ज्या नातेवाइकाला त्यातील मजकूर पटणार नाही असे वाटते, त्यालाच तो आधी वाचून दाखवावा, कारण नेमक्या वेळी वाद तिथेच होतात. वर्षातून एकदा कागद काढून पुन्हा वाचावा. मत बदलले असेल तर नव्याने लिहावा, बदलले नसेल तर नवी तारीख घालून पुन्हा सही करावी आणि जुन्या प्रती परत मागून फाडून टाकाव्यात.